पुढं चालणारी

मिरची कोणासाठी थांबत नाही. दसऱ्यापर्यंत झाडाला हिरवी लोंबणारी मिरची दिवाळीच्या तोंडाला अशी एकदम लाल होते, की घरातले सगळे हात लावले तरी कमीच पडतात. त्या साली पावसानं भादव्यातच पाठ फिरवली होती. विहीर खाली गेलेली, अर्ध्या वावरात चुरडा-मुरडा पडून पानं मुठीसारखी आवळलेली. उरलं ते वेळेवर तुटलं तरच शालिग्राम माळ्याचं वर्ष निघणार होतं. अशा ऐन तोड्यात निवृत्ती मास्तर वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी येऊन उभे राहिले आणि पोरगी मागू लागले.

लग्नासाठी नाही. गोष्टी लिहिण्यासाठी.

"पुण्याचे लेखक येऊन राह्यले, कौशल्याबाई," मास्तर म्हणाले. "लेकरांची पुस्तकं लिहितात ते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत शिबिर आहे. पोरांले गोष्ट लिहाले शिकवतीन."

"गोष्ट लिहाले शिका लागते?" शालिग्रामच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, पाठ सरळ न करताच विचारलं. "आमची सासू बिनशिकता रोज नवी गोष्ट रचे. माह्याचबद्दल."

मास्तर हसले, पण हलले नाहीत. त्यांचाही हिशेब होता. पुण्याचा माणूस धामणखेडसारख्या गावात बोलावून बसले होते आणि शाळेत चार ओळी सरळ लिहिणारी पोरं शोधून सापडत नव्हती. शालिग्रामची धाकटी बेबी सातवीत होती, तिचं अक्षर सुबक होतं. ती गेली नाही तर मास्तरांची लाज जाणार होती.

"हात मोकळे नाहीत, मास्तर," शालिग्राम म्हणाला. "तोडा झाल्यावर न्या."

तेव्हा पलीकडच्या ओळीतून सिंधूचा आवाज आला. "जाऊ द्या ना तिले, आबा. तिच्या ओळी मी तोडतो."

सिंधू थोरली. उंच, कामाला वाघ, लग्नाला आलेली. तिच्यात एकच उणं होतं. दिवस मावळला की तिला दिसत नसे. उपजतच होतं ते. शेवग्याचा पाला झाला, बकरीचं काळीज झालं, देवाला नवस झाला. शेवटी एका डॉक्टरानं सांगितलं, हे असंच राहायचं. दिवसा ती तुरीच्या शेंगेतली अळी लांबून ओळखी, आणि दिवेलागणीला घरातल्या घरात भिंत चाचपून चाले.

हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते बाहेर जात नव्हतं. सुताराच्या लेकीला फिट येई. इंद्रभान पाटलाची पुतणी एकदा दिलेली, परत आलेली आणि पुन्हा दिलेली होती. परगावचा सोयरा पारावर बसून 'पोरगी कशी आहे?' विचारू लागला की सगळा गाव एका तोंडानं सांगे, "गाय आहे, गाय." आज तुझ्या लेकीचं मी झाकतो, उद्या माझ्या लेकीचं तू झाक. धामणखेडमध्ये बांधावरून डोकी फुटली, देवळातल्या नारळावरून भांडणं झाली, पण ह्या उसनवारीत कोणी कधी कोणाला बुडवलं नव्हतं.

त्याच जोरावर सिंधूची सोयरीक पिंपळगाव राजाच्या भगवंतरावांच्या मुलाशी जमत आली होती. मंडळी भर दुपारी येऊन पोरगी पाहून गेली. पसंती कळली होती, कुंकू लावायचं तेवढं बाकी होतं. लग्न झालं, एखादं लेकरू झालं, की मग कळलं तरी कोण कोणाला परत पाठवतं, असा कौशल्याबाईचा विचार होता. त्या विचारात पाप किती आणि आईपण किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भगवंतरावांच्या घरी पुस्तकांची फडताळं होती, हे तिला आता आठवलं. शिकलेल्या घराला शिकलेलं घर आवडतं.

"घेऊन जा," ती मास्तरांना म्हणाली. "पण सकाळचा तोडा करून येईन ते."

बेबी रोज तशीच जाई. उजाडता उजाडता ओळीला लागायचं, उन्हं वर आली की हात धुऊन शाळा. मिरचीचे हात धुतल्यानं धुतले जात नाहीत. बोटं पेटलेली असत, टाक धरला की आग कोपरापर्यंत चढे. पहिल्या दिवशी तिनं विसरून डोळा चोळला आणि वर्गात पाणी गाळत बसली.

वामनराव लेखक हे पाहून जवळ आले. पांढरा पायजमा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं असं की प्रत्येक शब्द ताटात वेगळा वाढल्यासारखा. माणूस मनानं चांगला होता. त्याचा दोष काढायला गेलं तर हाती काही लागणार नाही.

"का रडतेस बाळ? घरची आठवण आली?"

पोरं खदखदून हसली. "घर तं हे काय, मांगंच आहे तिचं! मिरची लागली तिले!"

पहिल्या दिवशी सगळ्यांनी राजाच्या गोष्टी लिहिल्या. सुताराच्या पोरानं राजाला पुण्याला नेऊन आगगाडीत बसवलं. वामनरावांनी सगळ्या वाचल्या, कोणाला नाव ठेवलं नाही, आणि कागद बाजूला ठेवले.

"राजे पुस्तकात पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "जे कुठल्याच पुस्तकात नाही ते मला लिहून द्या. तुमच्या घरातलं. तुम्ही बोलता तसं."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. घरातलं लिहायचं म्हणजे काय, तुरीचं वरण?

बेबीनं हात वर केला. "घरातलं बाहेर सांगत नाईत, सर."

"सांगू नये, बरोबर. पण गोष्टीत चालतं. नाव बदल, गाव बदल, की झाली ती गोष्ट. गोष्टीला कोणी जाब विचारत नाही."

पुण्यात ते खरं असेल.

बेबीनं ते दिवसभर चघळलं. घरी सिंधू दोघींच्या ओळी ओढून पाठ धरून बसलेली असे. बेबी तिच्या हातांना ताक चोळी.

"काय लिह्यलं वं आज?"

"सांगत नाई. पुरं झालं की वाचून दाखवतो."

"राजाराणीचं असंन."

"राणीचं आहे. राजा नाई त्यात."

सिंधू हसली. "मंग तं सुखी असंन बिचारी."

शिबिराच्या शेवटी समारंभ ठरला. बेबीची गोष्ट सगळ्यांत चांगली निघाली, ती वामनराव स्वतः वाचून दाखवणार, अशी बातमी मास्तरांनी धुऱ्यावरूनच ओरडून दिली. कौशल्याबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. त्याच संध्याकाळी तिनं खामगावच्या मोटारीनं जाणाऱ्या वाण्याबरोबर पिंपळगावला निरोप धाडला: धाकट्या लेकीचा सत्कार आहे, पाव्हण्यांनी मुक्कामाला यावं, जमलं तर कुंकूही उरकून घेऊ.

शालिग्रामला हे पटलं नाही. "काऊन बोलावतं? कारेक्रम होता होता दिवस मावळंन. तेही मुक्कामाला."

"तुमाले काई समजत नाई. चार माणसांत पोरीचं नाव घेतलं का घराची किंमत वाढते. आन सिंधूले म्या चुलीपाशीच ठेवतो. कंदील लावून."

"गोष्ट कशाची आहे, ते तं इचार."

"चिमणीकावळ्याची असंन. लेकरू आहे ते."

गोष्ट कोणीच विचारली नाही. कौशल्याबाईला वाचता येत नव्हतं, शालिग्रामला सही येत होती. मास्तरांना वाचता येत होतं, पण ते मंडपाच्या पताका लावण्यात गुंतले होते.

भगवंतराव आले. बरोबर त्यांची विधवा बहीण मंजुळाबाई. त्यांच्या घरात होकार भगवंतराव देत आणि तो ठरवी मंजुळाबाई. समारंभ दुपारीच व्हायचा, पण अध्यक्ष इंद्रभान पाटील दाढी करायला बसले आणि न्हाव्याचा वस्तरा बोथट निघाला. पाटील आले तेव्हा उन्हं लिंबाच्या शेंड्यावर गेली होती. कौशल्याबाई पाहुण्यांना घेऊन पुढच्या सतरंजीवर बसली. हातात नव्या बांगड्या. सिंधू घरी स्वयंपाकाला.

वामनराव उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले.

"चंपा नावाची एक मुलगी होती. ती दूरगावात राहे. तिले दिवसा दुरून चिमणीचं पिल्लू दिसे. पण सूर्य जाये तवा तिचे डोये आपल्यासंगं घेऊन जाये आन सकायी आणून देये. कधी कधी तो उशीर करे. तवा चंपा चुलीपाशी बसून त्याची वाट पाहे."

मंडपात कोणीतरी खोकलं. मग दुसऱ्या बाजूनं आणखी कोणी. सुतार उगाच उठून "पाणी आणा रे, सरांले पाणी आणा" म्हणाला. वामनरावांनी हातानंच नको म्हटलं. कौशल्याबाई अजून हसत होती. आपल्या लेकीचं वाक्य पुण्याच्या तोंडातून निघतं आहे, एवढंच तिला ऐकू येत होतं.

"चंपाले बाहेर जायाचं असलं म्हंजे तिची लहान बहीण पुढं चाले आन गाणं म्हणे. खड्डा आला का आवाज चढवे, दगड आला का हळू करे. चंपा गाण्याच्या मांगं मांगं चाले. लोक म्हणत, या पोट्टीले गाण्याचा लय नाद. पण लहान बहिणीले गाणं आवडतच नोतं."

 गावाला सिंधूचं ठाऊक होतं. हे मात्र ठाऊक नव्हतं. बेबी तिन्हीसांजेला गात जाते, ही गावातली थट्टेची गोष्ट होती. पाटलांनी तर तिला कोकिळा नाव ठेवलं होतं. पाटलांनी मान खाली घातली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

कौशल्याबाईचं हसू तिथंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. निवृत्ती मास्तर पुढं झाले. "सर, उशीर होऊन राह्यला. बाकीची पोरं..."

"दोनच ओळी," वामनराव म्हणाले. त्यांनी पान उलटलं.

"मंग चंपाचं लगन जमलं. घरात समदे खुश झाले. लहान बहीण एकटीच इचार करे, का त्या गावाले हिच्या पुढं गाणं कोण म्हणंन?"

टाळी पहिली भगवंतरावांची पडली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "लय चांगलं लिह्यलं पोरीनं," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मंजुळाबाईनं टाळी वाजवली नाही. ती बेबीकडे पाहत होती. मग कौशल्याबाईकडे. मग अंधारत आलेल्या रस्त्याकडे.

"चला," ती म्हणाली, "घरी जाऊन चहा घेऊ तुमच्या सिंधूच्या हातचा."

घरी ओसरीवर एक कंदील होता. कौशल्याबाईनं येताच दुसरा लावला. वात जास्तच वर आली, काच काजळली.

"एवढा उजेड कायले, बाई?" मंजुळाबाई म्हणाली. "डोये दुखून राह्यले माहे दिवसभराच्या धुळीनं. वात कमी करा जरा. तो एक तं नेऊनच टाका आत."

पाहुणीच्या शब्दाला नाही कसं म्हणायचं? वात कमी झाली. दुसरा कंदील आत गेला. बेबी दाराशी उभी होती, हातात सत्काराचा नारळ. सिंधूनं बशीत कप आणले. चुलीपासून ओसरीपर्यंतची पावलं तिच्या अंगवळणी होती. पाहुणे कुठं बसतात तेही. तिनं कप बरोबर खाली ठेवले, एक थेंब सांडला नाही. कौशल्याबाई भिंतीला टेकून बसली.

मंजुळाबाईनं चहा संपवला. मग कप खाली न ठेवता तिनं हात बाजूला, खांबाच्या अंगाला लांबवला आणि तसाच धरून ठेवला. तोंडानं काही बोलली नाही.

रिकामे कप न्यायला सिंधू समोर येऊन उभी राहिली. पदर नीट केला. कप समोर होता, हातभर अंतरावर, आणि ती हसतमुखानं भगवंतरावांच्या बाजूच्या रिकाम्या हवेकडे पाहत होती.

"घे ना, बाई," मंजुळाबाई हळूच म्हणाली.

सिंधूचा हात उठला. आवाज आला त्या बाजूला गेला, खांबाला लागला, थांबला.

तेव्हा बेबी गुणगुणू लागली.

ठरवून नाही. सिंधूचा हात अडला की तिच्या गळ्यातून आपोआप निघे तसं निघालं. गुणगुणत ती खांबाकडे सरकली, कपाच्या जवळ आली तसा आवाज चढवला. सिंधूचा हात त्या आवाजामागं वळला आणि कप बरोबर हातात आला.

 मंजुळाबाईनं भावाकडे पाहिलं. गाणं थांबलं तेव्हा बेबीला कळलं, की आपण काय केलं.

"चांगल्या आहेत हो दोघी बहिणी," मंजुळाबाई म्हणाली. ती ते खोटं म्हणाली असं म्हणता येणार नाही. "चाल दादा. उंद्रीले भाच्याकडे पोचलं पाह्यजे."

"मुक्काम अठीच म्हणत होते नं तुमी?" शालिग्राम म्हणाला. "सैपाक झाला."

"आता येऊ कवा तं."

धामणखेडच्या बायका 'येऊ कवा तं' ह्याचा अर्थ बरोबर जाणतात. पुढं निरोप आला, की मुलाच्या मामाचं मन नाही. त्या मुलाला मामाच नव्हता.

वामनराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं गेले. जाताना बेबीच्या डोक्यावर हात ठेवून मास्तरांना म्हणाले, "ह्या मुलीला जपा." मास्तरांनी मान हलवली. काय झालं ते वामनरावांना सांगायला कोणाची जीभ उचलली नाही. पाहुण्यासमोर गावाचं झाकायची सवयच होती.

बेबीला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर ती रडली असती आणि विषय संपला असता. विहिरीवर ती घागर घेऊन गेली की बायका बोलणं थांबवत.

"आली वं. जपून बोला."

"काऊन वं बेबे, आमच्या घरचंही लिहशीन का आता?" सुताराची बायको म्हणाली. तिच्या लेकीचं माघात ठरायचं होतं. "तुले साखर देतो बाप्पा, पण आमाले सोड."

बेबी म्हणाली, "म्या नाव बदललं होतं, काकू."

"हाव ना. नाव तेवढं बदललं."

गावानं इतकी वर्षं जे एकमेकांचं राखलं होतं, त्यात पहिली खोट त्याच घरानं आणली ज्याचं सगळ्यांत जास्त राखलं गेलं. हे लोकांना सोसवत नव्हतं. आणि गोष्ट ऐकून आपण रडलो, हे तर त्याहून सोसवत नव्हतं.

कौशल्याबाई लेकीशी कामापुरतं बोले. पाटी दे. ओळ धर. शाळा सुटली ती सुटलीच. मास्तर पुन्हा धुऱ्यावर आले नाहीत. राहिलेली मिरची तोडली, वाळवली, बाजारात गेली.

 ती गोष्ट सिंधूनं एकदा वाचून घेतली, दुपारी, वावरात, झाडाखाली. बेबीनं खालमानेनं सगळी वाचली. सिंधू ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुले गाणं आवडत नोतं, हे मले काऊन नाई सांगतलं?"

त्या संध्याकाळी बेबी नेहमीसारखी पुढं झाली. सिंधू मागं आली नाही. कुडाला हात लावत एकटी गेली. येताना नडगी फुटलेली होती. नंतर तिच्या पायांवर जुन्या जखमा सुकेपर्यंत नव्या येत राहिल्या. बेबी ओसरीवर बसून राही, तोंड गच्च मिटून.

चैत्रात दुसरबीडचा जानराव सिंधूला पाहायला आला. रस्त्यावर त्याचं चहाचं दुकान होतं. बायको बाळंतपणात गेलेली, मागं दोन लेकरं. ह्या वेळी कौशल्याबाईनं त्याला बसवून पाणी द्यायच्या आधीच सांगितलं, "रातच्याला दिसत नाई तिले. पाहा बाप्पा." जानरावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "दिवसाचं काम झालं म्हंजे झालं." माणूस वाईट नव्हता. पण सिंधूकडे त्यानं असं पाहिलं, जसं बाजार उठताना गिऱ्हाईक उरलेल्या वांग्यांकडे पाहतं.

लग्न दारातच झालं, सकाळी. दुपार कलली तशी गाडी जुंपली. पहिल्यांदा सासरी जाणाऱ्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, धाकटी बहीण असली तर तीच. कोणी विचारलंही नाही. बेबीचं बोचकं आधीच गाडीत पडलं होतं, ती साटीवर पाय ठेवून चढत होती.

"बेबी नको," सिंधू म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, चुकीचं ऐकू आलं.

"काऊन वं?" कौशल्याबाई पुढं झाली. "असं करू नको, माय. आजच्या दिवशी तरी."

"रागानं नाई म्हणत." सिंधूनं पदर मागं घेतला. ऊन होतं, तिला सगळं लख्ख दिसत होतं. तिनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं, केसांपासून अनवाणी पायांपर्यंत, सावकाश. "ते जे पाह्यते ते सारं तिच्या मनात राह्यते. त्या घरी माहे हाल होतीन नाईतं सुख होईन, ते मले एकटीले पाहू दे. मावशीच्या पोरीले पाठवा."

जानराव म्हणाला, "येऊ द्या पोरीले, जागा आहे."  शालिग्रामनं गाडीतून बोचकं उचललं आणि बेबीच्या हातात दिलं. मावशीची पोर चढली, तिला आनंद लपवता येत नव्हता.

गाडी हलली. नवरी निघाली की रडायची रीत आहे; बायकांनी सूर धरला. कौशल्याबाई मातीत बसली. बेबी तशीच उभी होती, बोचकं पोटाशी धरून, डोळे कोरडे, गाडीवर लावलेले.

"पाहा, कशी पाहून राह्यली!" सुताराची बायको शेजारणीला म्हणाली, फारशी हळू नाही. "आता हेही लिहीन."

बेबीनं डोळे मिटून घेतले. गाडी नाल्यात उतरली, पाण्यात थांबली, पलीकडे चढली, हे तिला बैलांच्या घुंगरांवरून कळलं. ते ऐकू येईनासे झाले तरी तिनं डोळे उघडले नाहीत.